लिटल आंतांतने हिटलरला रोखलं असतं का?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा. झेकोस्लोव्हाकिया, रुमानिया आणि युगोस्लाव्हिया यांची 'लिटल आंतांत' ही युती १९२१ पासून होती. तिघांची लोकसंख्या मिळून साडेचार कोटींच्या वर जात होती आणि झेकांकडे स्कोडासारखा अव्वल शस्त्रकारखाना होता. तरी १९३८ ते १९४१ या काळात तिघं एकेक करून कोसळले. एकत्र उभे राहिले असते तर टिकले असते का? जोडीला बाल्टिकच्या तीन देशांनी १९३४ मध्ये केलेल्या युतीबद्दलही तुम्ही विचारलं आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

सरळ उत्तर आधी देतो. ज्या शत्रूसाठी ही युती बांधली होती त्या हंगेरीला तिने जवळजवळ शेवटपर्यंत रोखून धरलं. जर्मनीला रोखणं तिघांच्या एकत्रित बळावरही शक्य नव्हतं, आणि सैन्य कमी पडत होतं हे त्याचं मुख्य कारण नाही. तिघांपैकी प्रत्येकाचा पहिल्या नंबरचा शत्रू वेगळा होता, आणि बाकीच्या बहुतेक अडचणी तिथूनच निघतात.

अर्थात 'रोखणं' कशाला म्हणायचं यावरही बरंच अवलंबून आहे. हल्लाच होऊ नये इतका वचक ठेवणं, हल्ला झाल्यावर एखादा मोठा देश मदतीला येईपर्यंत तग धरणं आणि युद्ध जिंकणं या तीन निरनिराळ्या गोष्टी. छोट्यांच्या युतीकडून तिसरीची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. पहिल्या दोन शक्य होत्या का, एवढंच तपासायचं. शिवाय साल कोणतं धरता हेही महत्त्वाचं. १९३४ मधलं जर्मन सैन्य आणि १९३८ मधलं जर्मन सैन्य यांत जमीन-अस्मानाचा फरक होता.

युतीचं बळ जोखताना बहुतेक जण डिव्हिजन मोजायला बसतात. मी आधी तहातलं ते कलम काढतो, ज्यात मदतीला नेमकं कधी धावायचं हे लिहिलेलं असतं. लिटल आंतांत हा मुळात एक तह नव्हताच, दोघा-दोघांमधले तीन तह होते: १४ ऑगस्ट १९२० ला प्राग (झेकोस्लोव्हाकिया) आणि बेलग्रेड (युगोस्लाव्हिया), २३ एप्रिल १९२१ ला प्राग आणि बुखारेस्ट (रुमानिया), ७ जून १९२१ ला बुखारेस्ट आणि बेलग्रेड. तिन्हींचा रोख एकच, हंगेरीने चिथावणीशिवाय हल्ला केला तर. शेवटच्या तहात बल्गेरियाची भर घातलेली. जर्मनीचं नाव नाही, इटलीचं नाही, सोव्हिएत रशियाचंही नाही. म्हणजे सप्टेंबर १९३८ मध्ये जर्मनीने एकट्यानेच झेकोस्लोव्हाकियावर हल्ला केला असता, तर रुमानिया आणि युगोस्लाव्हिया कायद्याने हाताची घडी घालून बसायला मोकळे होते. त्यांना दगाबाज म्हणण्यापूर्वी हे कलम वाचावं.

१९२० च्या हिशेबाने कलमात चूकही नव्हती. पहिल्या महायुद्धानंतरच्या ट्रियानॉनच्या तहाने हंगेरीचा सुमारे दोन-तृतीयांश मुलूख गेला होता आणि त्यातला मोठा वाटा याच तिघांकडे आला होता. हंगेरीला सैन्य ठेवायची मुभा फक्त ३५,००० ची. १९२१ मध्ये हॅब्सबर्ग घराण्यातला पदच्युत सम्राट कार्ल दोनदा बुडापेस्टची गादी मिळवायला परतला. ऑक्टोबरमधल्या दुसऱ्या प्रयत्नाच्या वेळी प्राग आणि बेलग्रेडने सैन्याची जमवाजमव केली, आणि नोव्हेंबरात हंगेरीच्या संसदेने हॅब्सबर्ग घराण्याचा हक्क रद्द केला. पहिल्या परीक्षेत युती पैकीच्या पैकी गुण मिळवून पास झाली. ही सोपी परीक्षा होती, एवढं मात्र नोंदवून ठेवा.

आता तिघांच्या चिंता पाहा. प्रागचं लक्ष जर्मनीकडे, कारण देशाच्या दीड कोटीच्या आतबाहेरच्या लोकसंख्येत तीस लाखांहून जास्त जर्मन होते आणि त्यातले बरेच थेट सीमेवर. बेलग्रेडला धास्ती इटलीची: डाल्मेशियाचा किनारा, अल्बानियातली इटलीची ढवळाढवळ, क्रोएशियन फुटीरांना मिळणारा आसरा. बुखारेस्टची झोप उडवत होता सोव्हिएत संघ, कारण बेसारेबिया रुमानियाकडे गेल्याचं मॉस्कोने कधीच मान्य केलं नव्हतं. इथेच घोडं पेंड खातं. प्रागने १६ मे १९३५ ला मॉस्कोशी परस्पर मदतीचा करार केला. त्याच वेळी बेलग्रेडचे मॉस्कोशी साधे राजनैतिक संबंधही नव्हते, ते जून १९४० मध्ये जुळले. एका मित्राचा तारणहार तो दुसऱ्याचा वैरी, असा हा प्रकार.

दुरुस्तीचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १६ फेब्रुवारी १९३३ ला जिनिव्हात संघटना-करार झाला. परराष्ट्रमंत्र्यांची कायम परिषद, सचिवालय आणि आर्थिक परिषद आली. १९३६-३७ मध्ये तर एकच व्यापक करार करावा, कुणीही हल्ला केला तरी तिघांनी धावून जावं आणि वर फ्रान्सने हमी द्यावी असा घाट घातला गेला. झेकोस्लोव्हाकियाचे अध्यक्ष बेनेश यांना तो हवाच होता. पण तोवर माणसं बदलली होती. युगोस्लाव्हियाचा राजा अलेक्झांडर आणि फ्रेंच परराष्ट्रमंत्री लुई बार्तू यांचा ९ ऑक्टोबर १९३४ ला मार्सेलमध्ये खून झाला होता. रुमानियाचे परराष्ट्रमंत्री तितुलेस्कू यांना ऑगस्ट १९३६ मध्ये मंत्रिमंडळातून काढलं गेलं. बेलग्रेडमध्ये स्टोयादिनोविच पंतप्रधान होते. त्यांनी जानेवारी १९३७ मध्ये बल्गेरियाशी आणि २५ मार्चला थेट इटलीशी करार करून टाकला. आपल्या पहिल्या नंबरच्या शत्रूशी स्वतंत्रपणे मिटवून घेतल्यावर दुसऱ्याच्या शत्रूशी लढायचं बंधन कोण गळ्यात घालून घेईल? व्यापक करार बारगळला.

माझ्या मते मात्र युतीचा कणा मोडला तो ७ मार्च १९३६ ला, आणि तोही तिघांच्या हद्दीबाहेर. जर्मन सैन्य ऱ्हाइनलँडमध्ये, म्हणजे फ्रान्सला लागून असलेल्या, सैन्य ठेवायला मनाई असलेल्या जर्मन पट्ट्यात शिरलं आणि फ्रान्स जागचा हलला नाही. फ्रान्सने प्रागशी १९२४ मध्ये, बुखारेस्टशी १९२६ मध्ये आणि बेलग्रेडशी १९२७ मध्ये करार केले होते. त्या सगळ्यांना लष्करी अर्थ होता तो एवढ्यासाठीच की फ्रेंच सैन्य ऱ्हाइन ओलांडून मोकळ्या, बिनसैन्याच्या पट्ट्यातून जर्मनीत घुसू शकत होतं. तिथे जर्मन तटबंदी उभी राहू लागल्यावर पूर्वेकडच्या मित्राला वाचवायला फ्रान्सला मोठं युद्धच पुकारावं लागणार होतं. वचक ठेवायची संधी होती ती १९३३ ते १९३६ याच काळात.

कलमानंतर मी पाहतो रेल्वेचा नकाशा. झेकोस्लोव्हाकिया आणि युगोस्लाव्हिया यांची सीमा कुठेही भिडत नव्हती. मध्ये ऑस्ट्रिया आणि हंगेरी. १९१९ च्या शांतता परिषदेत दोघांना जोडणारा पट्टा मागून पाहिला होता, तो मिळाला नाही. रुमानियाशी सीमा होती, पण देशाच्या पार पूर्वेच्या टोकाला, कार्पेथियन डोंगरात, पश्चिमेच्या बोहेमियातल्या कारखान्यांपासून शेकडो किलोमीटर लांब. सोव्हिएत मदत यायची तर रुमानियातूनच, आणि रुळांची रुंदी सोव्हिएत बाजूला १५२४ मिलिमीटर, रुमानियात १४३५. म्हणजे सीमेवर प्रत्येक तोफ, प्रत्येक पेटी उतरवून दुसऱ्या डब्यात चढवायची आणि मग डोंगरातल्या अपुऱ्या मार्गांवरून न्यायची. शिवाय एकदा आत आलेलं सोव्हिएत सैन्य बेसारेबियातून परत जाईल याची बुखारेस्टला मुळीच खात्री नव्हती. हंगेरीला तिन्ही बाजूंनी घेरायला हा भूगोल उत्तम होता. जर्मनीशी लढताना मात्र तोच हंगेरी तिघांच्या मधोमध पाचरीसारखा बसत होता.

तिसरा कागद व्यापाराचा, आणि माझ्या अनुभवात हाच लोक सर्वांत कमी वाचतात. रुमानिया आणि युगोस्लाव्हिया शेतीचे देश; विकायला गहू, मका, डुकरं, लाकूड आणि रुमानियाकडे तेल. झेकोस्लोव्हाकिया उद्योगाचा देश. वरवर पाहता जोडी जमायला हवी होती. पण प्रागच्या प्रत्येक सरकारात शेतकरी पक्षाचं वजन मोठं होतं आणि त्याला स्वस्त परदेशी धान्य नको होतं. १९२९ नंतर धान्याचे भाव कोसळले तेव्हा प्रागने जकात उतरवली नाही. आर्थिक परिषदेच्या बैठका होत राहिल्या, माल फारसा हलला नाही.

ही पोकळी जर्मनीने भरली. १९३४ पासून जर्मन अर्थमंत्री शाख्त यांच्या योजनेनुसार जर्मनी या देशांचं धान्य जागतिक भावापेक्षा चढ्या दराने घेऊ लागला, पण रोख परकीय चलन द्यायचा नाही. पैसे बर्लिनच्या खात्यात मार्कांमध्ये जमा व्हायचे आणि ते फक्त जर्मन माल घेऊनच वसूल करता यायचे. शेतकऱ्याला भाव मिळाला, सरकारला मतं मिळाली, आणि दरवर्षी बर्लिनमध्ये अडकलेली रक्कम फुगत गेली. युगोस्लाव्हियाचं तर दुहेरी नुकसान झालं. अॅबिसिनियावरच्या (आजच्या इथिओपियावरच्या) हल्ल्याबद्दल राष्ट्रसंघाने नोव्हेंबर १९३५ मध्ये इटलीवर निर्बंध घातले. युगोस्लाव्हियाने ते प्रामाणिकपणे पाळले आणि आपलं मोठं गिऱ्हाईक गमावलं. ती जागा पॅरिस-लंडनने घेतली नाही, बर्लिनने घेतली. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाल्यावर तिथला व्यापारही जर्मन खात्यात गेला. ज्याच्याकडे तुमच्या वर्षभराच्या पिकाचे पैसे अडकलेत, त्याच्याविरुद्ध जमवाजमवीचा हुकूम काढणं कुठल्याही मंत्रिमंडळाला जड जातं.

शस्त्रांच्या बाबतीत युती खरं तर चांगली जमली होती, आणि तिथेच सर्वांत विचित्र उलटफेर झाला. रुमानिया आणि युगोस्लाव्हिया दोघांनी झेक बनावटीच्या रायफली आणि ब्रनोच्या कारखान्याच्या हलक्या मशीनगन घेतल्या होत्या. गोळीचं माप ७.९२ मिलिमीटर. (त्याच ब्रनोच्या गनवरून ब्रिटिशांनी ब्रेन गन बनवली, जी पुढे आपल्या मराठा पलटणींसह साऱ्या भारतीय लष्कराने अनेक दशकं वापरली.) रुमानियाने १९३६ मध्ये स्कोडाच्या १२६ रणगाड्यांची मागणी नोंदवली. एकाच देशातले कारखाने आणि एकाच जातीचे सुटे भाग, कागदावर आदर्श. फक्त सगळा पुरवठा एका ठिकाणावर टांगलेला, आणि ते ठिकाण जर्मन सीमेच्या सर्वांत जवळ. १५ मार्च १९३९ ला जर्मनांनी प्राग घेतलं, त्या दिवसापासून रुमानियाच्या रणगाड्याचा पट्टा आणि युगोस्लाव्ह तोफेचा सुटा भाग बर्लिनच्या परवानगीने मिळू लागला. २३ मार्चला रुमानियाने जर्मनीशी आर्थिक करारावर सही केली. मधले दिवस आठ. झेक रणगाडे पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये उतरले, रोमेलच्या सातव्या पॅन्झर डिव्हिजनसकट, अर्थात जर्मन बाजूने.

आता ऑगस्ट १९३८ चा एक आठवडा जवळून बघा, कारण युतीची ताकद आणि मर्यादा दोन्ही त्यात एकदम दिसतात. हंगेरीचे प्रमुख होर्ती सपत्नीक जर्मनीला गेले होते. २२ ऑगस्टला कील बंदरात 'प्रिन्झ ऑयगेन' या युद्धनौकेचं जलावतरण होर्तींच्या पत्नीच्या हस्ते झालं. त्या दौऱ्यात हिटलरने हंगेरीला सुचवलं की झेकोस्लोव्हाकियावरच्या हल्ल्यात उतरा आणि स्लोव्हाकिया घ्या. ज्याला जेवायला बसायचंय त्याने स्वयंपाकालाही हात लावावा, अशा अर्थाचं. हंगेरियन मंडळी कचरली. त्यांचा शस्त्रसज्जतेचा मोठा कार्यक्रम मार्चमध्ये कुठे जाहीर झाला होता, आणि उत्तरेला सैन्य पाठवलं तर दक्षिणेकडून युगोस्लाव्हिया काय करेल ही धास्ती होती. नेमक्या त्याच दिवसांत स्लोव्हेनियातल्या ब्लेड गावी लिटल आंतांतची परिषद चालू होती. तिथे हंगेरीला शस्त्रसज्ज होण्याचा हक्क मान्य करण्यात आला आणि बदल्यात एकमेकांवर बळ न वापरण्याची बोलणी ठरली. ही बातमी होर्ती जर्मनीत असतानाच फुटली आणि यजमान भडकले.

म्हणजे मरणपंथाला लागलेली ही युतीसुद्धा हंगेरीला हल्ल्यापासून परावृत्त करत होती. प्रागच्या दृष्टीने ही किरकोळ मदत नव्हे. दक्षिण स्लोव्हाकियाची लांबलचक सपाट सीमा त्यामुळे जरा हलकी झाली. पण जर्मन आघाडीवर एकही रुमानियन किंवा युगोस्लाव्ह सैनिक त्यामुळे येणार नव्हता.

मग सप्टेंबर १९३८ मध्ये झेक एकटे लढले असते तर? २३ सप्टेंबरच्या जमवाजमवीत दहा लाखांहून जास्त माणसं हत्याराखाली आली. सुमारे दहा हजार हलके बंकर आणि अडीचशेच्या आसपास जड किल्लेवजा ठाणी तयार होती; मात्र जड ठाण्यांचा भर उत्तर सीमेवर आणि कित्येकांत मुख्य तोफा अजून बसलेल्या नव्हत्या. ऑस्ट्रिया गेल्यावर दक्षिण मोरावियाची बाजू उघडी पडली होती. माझा अंदाज असा की काही आठवडे प्रतिकार झाला असता, जर्मनांना तो महागात पडला असता, आणि फ्रान्स हलला नसता तर शेवट तोच झाला असता. रुमानिया-युगोस्लाव्हियाने हंगेरीला रोखून धरल्याने या आठवड्यांत थोडी भर पडली असती, निकालात नाही.

खरी उणीव लिटल आंतांतच्या बाहेर होती: पोलंड. लोकसंख्या साडेतीन कोटींच्या घरात, सैन्य मोठं, जर्मनीशी लांब सीमा. प्राग आणि वॉर्सा एकत्र आले असते तर जर्मनीला दोन आघाड्यांचा विचार करावा लागला असता. नोव्हेंबर १९२१ मध्ये दोघांनी एका करारावर सह्याही केल्या, पण त्याला मंजुरी मिळालीच नाही. आडवं आलं ते सीमेवरचं टेशेन, हजार चौरस किलोमीटरही नसलेला कोळशाचा आणि रेल्वे जंक्शनचा तुकडा. दोन भावांनी बांधावरून बोलणं टाकावं आणि तिसऱ्याने शिवार घ्यावं तसं झालं. जानेवारी १९३४ मध्ये पोलंडने जर्मनीशी अनाक्रमण करार केला, आणि म्युनिक परिषदेत झेकांचा सीमाभाग हिटलरला देण्याचं ठरल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३० सप्टेंबर १९३८ ला, प्रागला निर्वाणीचा खलिता धाडून टेशेन घेतलं. अकरा महिन्यांनी पाळी त्याचीच आली.

पोलंड-रुमानिया युती तर याहून बोलकी. ३ मार्च १९२१ चा हा करार खास सोव्हिएत हल्ल्यासाठीच होता. १७ सप्टेंबर १९३९ ला तो हल्ला प्रत्यक्ष आला, पण तोवर जर्मनीने पोलिश सैन्य मोडून काढलं होतं आणि पोलंडने रुमानियाला लढायला बोलावलंच नाही. रुमानिया तटस्थ राहिला तर निदान माणसं आणि सोनं बाहेर काढता येईल, हा हिशेब. तो बरोबर होता. देशाचं सोनं कॉन्स्टान्त्सा बंदरातून निघून गेलं. पूर्व पोलंड मात्र सोव्हिएतांच्या हाती पडला, आणि तिथून सायबेरियाकडे हाकललेल्यांपैकी पाचेक हजार माणसं १९४३ नंतर कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत येऊन राहिली.

इथवरचं थोडक्यात: कलम हंगेरीपुरतं, रेल्वे तुटक, पीक बर्लिनकडे गहाण, शस्त्रांचा एकच स्रोत, आणि शेजारचा सर्वांत मोठा संभाव्य मित्र रुसलेला. यातल्या एखाद-दोन गोष्टी १९३३-३४ मध्ये सुधारल्या असत्या तर वचक वाढला असता. सगळ्यांत स्वस्त होती ती धान्यावरची जकात.

बाल्कन आंतांतबद्दल फार लिहीत नाही. फेब्रुवारी १९३४ मध्ये ग्रीस, तुर्कस्तान, रुमानिया आणि युगोस्लाव्हियाने ती केली, रोख बल्गेरियावर. ग्रीसने सांगून टाकलं की इटलीशी लढणार नाही, तुर्कस्तानने सांगितलं की सोव्हिएतांशी लढणार नाही. ऑक्टोबर १९४० मध्ये इटली ग्रीसवर चालून गेली तेव्हा कुणीच लढाईत उतरलं नाही. एप्रिल १९४१ मध्ये बेलग्रेडवर चालून गेलेल्या जर्मन फौजांपैकी एक रुमानियाच्या, म्हणजे जुन्या दोस्ताच्या भूमीवरून निघाली. युगोस्लाव्हिया अकरा दिवसांत शरण आला.

राहिलं बाल्टिक. एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनियाने १२ सप्टेंबर १९३४ ला जिनिव्हात करार केला, पण त्यात लिथुआनियाचे 'खास प्रश्न' वगळले: पोलंडने घेतलेलं विल्नियस आणि जर्मनीचा डोळा असलेलं मेमेल. म्हणजे ज्या दोन ठिकाणी भांडण होण्याची खरी शक्यता होती, तीच कराराबाहेर. लष्करी करार होता तो फक्त एस्टोनिया-लाटव्हियाचा, १९२३ चा. मार्च १९३९ मध्ये मेमेल गेलं तेव्हा इतर दोघांवर काही बंधन नव्हतं. सप्टेंबर-ऑक्टोबर १९३९ मध्ये मॉस्कोने तिघांना एकेकटं बोलावलं: एस्टोनियाने २८ सप्टेंबरला, लाटव्हियाने ५ ऑक्टोबरला, लिथुआनियाने १० ऑक्टोबरला लष्करी तळ देण्याचा करार केला. पहिल्या दोघांत सोव्हिएत सैनिकांची मर्यादा प्रत्येकी २५,००० होती, तिसऱ्यात २०,०००.

इथे लोक फिनलंडचं उदाहरण देतात: तो कुठल्याही युतीशिवाय १०५ दिवस लढला, मग हे तिघं का नाही? फिनलंडची लढायची सीमा एकच होती; कारेलियाच्या चिंचोळ्या पट्टीवर तटबंदी, बाकी जंगल, तळी आणि बर्फ. बाल्टिक देश सपाट, आणि ऑक्टोबर १९३९ नंतर शत्रूचं सैन्य आधीच घरात. तिघांनी मिळून लढायची वेळ होती ती २८ सप्टेंबरच्या आधीची, आणि त्यासाठी लागणारा एकत्र युद्ध-आराखडा त्यांच्याकडे नव्हता. जून १९४० मध्ये मॉस्कोने लाटव्हिया आणि एस्टोनियाला जे निर्वाणीचे खलिते धाडले, त्यांत मुख्य आरोप हाच होता की तुम्ही तिघांनी आमच्याविरुद्ध लष्करी युती केली आहे.